उलटा डोळा

वाफा नंबर चार.
जंबेरीचे खुंट, पेन्सिलीएवढे जाड.
जमिनीपासून एक वीत सोडून
सालीला चाकूनं एक आडवी चीर, एक उभी,
चिरेत संत्र्याचा डोळा सरकवायचा
आणि प्लास्टिकच्या पट्टीनं गुंडाळायचा,
लेकराच्या बोटाला चिंधी बांधावी तसा.
देठ खाली, डोळा वर.
देवमनभाऊंनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं.
मी म्हटलं, एवढंच?

बारावीत इंग्रजी राहिलेलं,
वरूडच्या अलीकडं, सातपुड्याच्या पायथ्याला
नर्सरीत शेकड्याच्या भावानं कामाला लागलेले.
पौषातली सकाळ. बोटं बधिर.
पाचव्याच खुंटाशी चाकू सटकला
आणि डावा अंगठा उघडला, संत्र्याच्या फोडीसारखा.
कुणाला सांगितलं नाही.
चाकू लागला म्हटलं असतं
तर पुन्हा नुसत्या पट्ट्या बांधायला बसवलं असतं
म्हाताऱ्या मनकर्णाबाईंच्या शेजारी.
ओढणीची किनार फाडून अंगठ्याला गुंडाळली,
आणि अंगठा दुखतो म्हणून
डोळकाडी धरली दुसऱ्या टोकाकडून.

एकवीस दिवसांनी पट्ट्या सोडल्या.
एकही डोळा वाळलेला नाही, सगळे हिरवे.
देवमनभाऊंनी चार माणसांत म्हटलं,
'पाहा रे, हिचा हात पाहा.'
मी हात पाठीमागं घेतला.
लाजले, असं वाटलं सगळ्यांना.

फाल्गुनात फुटवे निघाले.
माझ्या त्रेसष्ट खुंटांचे
खाली, जमिनीकडं निघाले,
आणि मग कुणी मागून हाक मारावी तसे
वळून वर.
दोन मी दुपारच्या सुट्टीत मोडून टाकले.
उरलेले एकसष्ट कुठं लपवणार?

देवमनभाऊ उकिडवे बसले.
काऊन केलं, असं विचारलं नाही.
म्हणाले, 'काडी कोठून धरली होती, वैजू?'
मी अंगठा दाखवला.
झाडांकडं पाहिलं त्याहून जास्त वेळ
ते त्या वणाकडं पाहत राहिले.

मग म्हणाले,
'दोन वर्सांमागं काटोलकडून एक मानूस आला होता.
पाच वर्सं पानी घातलं होतं त्यानं
मी देल्लेल्या झाडाले.
टेबलावर थैली ओतली माह्यासमोर.
सगळे जंबेरी.
आंबट, खडबडीत, हे एवढाले.
गाडी भराची घाई होती मले,
डोळा मेला होता, खुंटच वाढला होता,
पान चुरून वास बी घेतला नाई मी.
तो काईच बोलला नाई.
चहा पेला अन् गेला.
शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं, बाप्पा.'

'मग त्या जंबेरींचं काय केलं?'

'तुह्या काकूनं लोणचं घातलं.'
थोडं थांबून त्यांनी मातीवर हात ठेवला.
'अन् बिया हितं पेरल्या. वाफा नंबर चार.'

आम्ही दोघांनी मिळून एकसष्ट रोपं उपटली.
एका उपटलेल्या खुंटाचं पान चुरून
त्यांनी माझ्या नाकाशी धरलं,
मग संत्र्याचं एक.
'आता सांग,' म्हणाले, डोळे मीट अन् सांग.
मी चुकले. पुन्हा दिलं. पुन्हा चुकले.
चौथ्यांदा बरोबर आलं.
एकसष्टांची मजुरी त्यांनी कापली मात्र.

आता काडी हातात आली
की आधी बुडाशी नखानं खूण करते.
नवी पोरं हसतात.
हसू दे.

परवा चाकू पुन्हा लागला, त्याच अंगठ्याला.
हळद आणा रे, चाकू लागला मले,
मी ओरडले,
पार विहिरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं.