सरळ रेघ

सेन्सर मी चिकटवले. माझं काम तेवढंच.
फेब्रुवारीत, ली नदीवर, पुलाच्या पोटाखाली उताणा,
दातांत टेप, बोटं आपलीच आहेत याचा पत्ता नाही.
काडेपेटीएवढ्या बारा डब्या,
प्रत्येकीत एक कान.

पुढचं सगळं गॉबनेटचं.
कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, हीटरच्या खडखडाटात
ती पुलाचं ऐकत बसायची:
सायकली, शाळेची पोरं, शनिवारची दारू, वारा.
आणि रोज पहाटे तीन दहाला
एकटी पावलं. एकशे बेचाळीस.
मध्यावर जरा थांबून, मग उरलेली.

प्रोग्रॅमनं त्यांना विसंगत ठरवलं.
प्रोफेसर हॅनाफिन म्हणाले, वगळा,
एका माणसापायी सरासरी बिघडते.
तिनं वगळलं नाही. वेगळी फाइल केली,
नाव दिलं: पाहुणा.

तीन हिवाळे.
थंडीत पोलाद आक्रसतं, उन्हात सैलावतं,
पुलाचा मूळ सूर म्हणून एका जागी कधी सापडत नाही;
पण पाहुण्याच्या पावलाखाली पूल जेवढा दबायचा
तेवढाच दबत राहिला.
पडद्यावर रेघ सरळ, पट्टी लावून ओढल्यासारखी.
हॅनाफिन खूश. पालिकेला पत्र गेलं: पूल ठणठणीत.

गॉबनेट नखं खात होती.
"इतकं सरळ काही नसतं," म्हणाली,
"कुठंतरी पाणी मुरतंय."
पुलाच्या बाबतीत असं बोललं
की ते नुसतं बोलणं राहत नाही.

एका पहाटे आम्ही दोघं कठड्याला टेकून उभे राहिलो.
आला. मर्टी कॉटर, पलीकडच्या बेकरीतला,
कोटाखाली ॲप्रन, कोट दोन माप मोठा.
मध्यावर थांबला.
"पूर्वी बगळा बघायला थांबायचो," म्हणाला,
"आता दम खायला.
बगळ्याला सांगू नका मात्र."

बेकरीत त्यानं आम्हाला गरम पावाची कड दिली.
कोपऱ्यात पिठाच्या पोत्यांचा काटा,
काट्यामागच्या भिंतीवर पेन्सिलीचे आकडे:
दर वर्षी सेंट ब्रिजिडच्या दिवशी
पोरं हट्टानं म्हाताऱ्याला पोत्यासारखा तोलतात.
चौऱ्याण्णव. नव्वद.
सगळ्यात खाली, त्याच महिन्यातला: त्र्याऐंशी.

गॉबनेटच्या हातातला पाव तसाच राहिला.
ओट्यावरच्या पिठात तिनं बोटानं भागाकार मांडला,
पुसला,
पुन्हा मांडला.

माणूस अकरा किलो उतरला.
आणि पूल अजून तेवढाच दबतो.

दोघंही खचत होते, एकाच मापानं,
एकमेकांचं झाकत,
म्हणून रेघ सरळ.

सकाळी तिनं पहिला फोन पालिकेला करायला हवा होता.
तिनं दवाखान्याला केला.
पालिकेला दुसरा.

दक्षिण टोकाला, काँक्रीटच्या आत, जिथं माझा हात पोचला नव्हता,
तारांचे सात पदर गंजून चहाच्या चोथ्यासारखे झाले होते.
पूल बंद. पिवळी फीत.
मर्टी आता खालच्या पुलावरून जातो, अकरा मिनिटं जास्त,
डॉक्टर सांगतात ते निम्मं ऐकतो.

निबंधात त्याचं नाव नाही.
'ज्ञात वस्तुमानाचा चल भार' असं लिहिलंय,
तेही हॅनाफिनच्या आग्रहानं.
परीक्षकानं समासात विचारलं:
भाराचं वस्तुमान कोणत्या उपकरणानं पडताळलं?
गॉबनेट दुपारभर त्या ओळीकडे बघत होती.
मग लिहिलं:
पिठाचा काटा. अचूकता, अर्धा किलो.
भिंतीचा फोटो सोबत जोडला आहे.

डब्या अजून काढलेल्या नाहीत.
तीन दहाला कधीमधी काहीतरी उमटतं,
अगदी हलकं, कठड्यावर.
बगळा असेल. तो मी वगळतो.
गॉबनेट परत घालते.