शिडी

येर्कोकडे माझी शिडी आहे.
दोन हिवाळे झाले.
'उद्या आणून देतो' म्हणाला होता
तेव्हा माझे दोन्ही पाय माझेच होते.

आता डावा पाय पाहुण्यासारखा राहतो.
बोलावलं तर येतो, उशिरा,
उंबऱ्याला अडखळून.
मार्चमध्ये स्वयंपाकघरात कोसळले तेव्हा
किटली शिट्टी मारत होती
आणि डोक्यात एवढंच होतं,
की कुणीतरी गॅस बंद करा.

व्यायामाला योसेलिन येते, मंगळवारी, शुक्रवारी.
चोवीस वर्षांची, दातांना तारा.
भिंतीवर एक कागद चिकटवून गेली:
डोंगर, डोंगरामागे सूर्य,
शिखरावर हात उंचावलेला कुणी एक.
"यावर ध्येय लिहायचं, मावशी."
मी लिहिलं, शिडी.
ती हसली. मी नाही.

इथे पुंता अरेनासमध्ये वारं सुटलं की
नगरपालिका चौकात दोर बांधते,
खांबापासून खांबापर्यंत,
माणसं उडून जाऊ नयेत म्हणून.
परगावचे लोक त्याचे फोटो काढतात.
आम्ही दोर धरतो आणि बटाटे आणायला जातो.

माझ्या दारापासून येर्कोच्या फाटकापर्यंत
नऊ खांब.
सहा दोराचे, तीन नुसते वाऱ्याचे.
मध्ये एक पिवळं कुत्रं,
त्याला माझी काठी पसंत नाही.

पहिल्या दिवशी पहिला खांब.
टेकून उभी राहिले श्वास जागेवर येईतो.
खांबावर हरवलेल्या मांजराची जाहिरात होती,
ती पाठ झाली.
दुसऱ्या दिवशीही तेच मांजर.
तिसऱ्या दिवशी गेलेच नाही.
खोटं कशाला सांगू, पुढे आठवडाभर नाही.
पांघरूण डोक्यावर ओढून
छपराच्या पत्र्याची बडबड ऐकत पडून राहिले.

मग एका पहाटे पत्रा फारच बोलायला लागला.
खिळा सुटला होता.
खिळा ठोकायचा, तर शिडी हवी.
आणि शिडी कुणाकडे?
संतापाला पाय असतात बाई,
चांगले दोन.
त्या दिवशी तिसरा खांब.

त्यानंतर काही सरळ रांगेत झालं नाही.
चौथा, चौथा, दुसरा,
गुडघा सुजला,
पाचवा.
पाचव्यापाशी पावाचं दुकान आहे.
तिथली मालकीण दाराबाहेर खुर्ची ठेवू लागली,
कुणासाठी ते न बोलता.
मीही न बोलता बसू लागले
आणि गरम पाव कोटाच्या खिशात घालून परतू लागले.
अर्धा कुत्र्याला.
काठीबद्दल त्याचं मत आता बदलतंय.

सातव्यापुढे दोर नाही.
तिथे मी तीनदा गेले आणि तीनदा मागे फिरले.
चौथ्यांदा हाताला काहीच नव्हतं,
म्हणून कोटाची बाहीच घट्ट धरली, स्वतःचीच,
आणि निघाले.

तोंडात वाक्य तयार होतं:
'दोन हिवाळे, येर्को. दोन.'
आणि हा एक्याऐंशी वर्षांचा माणूस
छपराला भिडलेला, ओठांत खिळे धरून,
माझ्याच शिडीवर!
शिडी थंडी भरल्यासारखी दात वाजवत होती.

वाक्य गिळलं.
काठी फाटकाला अडकवली,
दोन्ही हातांनी शिडी धरली,
डावा पाय खालच्या पायरीवर रोवला.
डावा.
हे माझ्या लक्षात आलं ते घरी, मोजे काढताना.

"कोण आहे खाली?"
"शिडीची मालकीण."
"मग नीट धर."

अर्धा तास धरली.
घरांपलीकडे सामुद्रधुनी पांढरी पडली होती
आणि एक बोट जागच्या जागी वल्गना करत होती.
तो उतरला. त्याने माते केलं,
एकाच नळीने आळीपाळीने प्यायलो.
शिडीचा विषय त्याने काढला नाही.
मी काढणार होते,
पण चहा गरम होता.

शुक्रवारी योसेलिनने पेन काढलं.
"मिळाली ना शेवटी? खोडू या?"
वर पत्रा वाजत होता.
"असू दे," म्हटलं,
"उद्या जाणार आहे मागायला."