कोणता पाय पुढे

फियाक्रा म्हणाला, आट्रॅक्टा, डोळे मिट.
मिटले.
आणि त्यानं मागून धक्का दिला,
एकोणीस वर्षांच्या पोरानं एकसष्टीतल्या बाईला,
एनिसक्रोनच्या ओल्या वाळूवर, सगळ्या क्लासदेखत.
पडले नाही.
उजवा पाय आपणहून पुढे आला होता.

"बघ, तू गूफी आहेस."
म्हणजे खुळी नव्हे, त्यानं घाईनं सांगितलं,
म्हणजे उजवा पुढे, डावा मागे, फिनच्या वर, एवढंच.
आणि मी तीन शनिवार
सगळ्यांचं बघून डावा पुढे टाकत होते
आणि दर वेळी अर्धा अटलांटिक पीत होते.

आधी कोरड्यावर सराव.
पोटावर झोप. हात फासळ्यांपाशी. ऊठ.
मागचा पाय आडवा, पुढचा जरासा तिरका,
बोर्डच्या मधोमध जाणारी ती लाकडाची बारीक पट्टी, स्ट्रिंगर,
तिच्यावर बरोबर तळव्याची कमान.
फार पुढे गेलीस तर बोर्डचं नाक बुडेल,
फार मागे राहिलीस तर लाट तुला टाकून निघून जाईल.
अंतर खांद्यांएवढं. थोडं जास्त.
गुडघ्यात वाक, कमरेत नको!
सांडलेली नाणी वेचतेयस का, तो विचारतो.

नाणी नाही रे. पत्रं.
एकतीस वर्षं वाकले मी
घोट्याएवढ्या उंचीवरच्या फटींतून पत्रं सरकवायला,
आधी सायकल, मग हिरवी व्हॅन,
आणि दारं, दारं, दारं.

बिल असलं की मी सरळ उभी राहायचे, पाय जोडून,
शाळेत उभं करतात तशी.
पण इस्पितळाचा शिक्का असला,
किंवा बॉस्टनहून आलेलं, अनोळखी अक्षरातलं,
तेव्हा आडवी.
उजवा पाय पायरीवर, डावा खाली खडीत,
गुडघे सैल,
आत बोलावलं तर जाता यावं
दार लागलं तर वळता यावं.
नजर पाकिटावर नाही, समोरच्या तोंडावर.
डेलिया मॅकहेलनं उघडून वाचलं तेव्हा
आत अंड्यांचं पाणी आटून गेलं, अंडी भांड्यात तडतडायला लागली,
आणि आम्ही दोघी ते ऐकत राहिलो.
मी तशीच, एक पाय वर एक खाली.
हे कुणी शिकवलं नव्हतं मला.

त्या दिवशीची चौथी लाट.
ऑक्टोबर. पायांत जाड रबरी बूट,
त्यांतून ना वॅक्स कळतं ना बोर्ड,
पाय आपले आहेत हेही ऐकीव.
पाठीमागून तोच धक्का, या वेळी कुणाचा हात नव्हता त्याला.
उठले.
खाली पाहिलं नाही. पाहिलं ते
शेवाळाच्या गरम न्हाणीघराच्या धुराड्याकडे,
आणि उजवा पाय पुढे पडला, जणू तिथं पायरी होती.

तीन सेकंद. फियाक्रा पाच म्हणतो, तो भला मुलगा आहे.
पायाखालचं सगळं सरकत होतं
आणि मी उभी.
मग म्हटलं बघू तरी, बरोबर जागी आहेत का पाय,
आणि बघितलं,
आणि गेले.

आता स्वयंपाकघरात लिनोलियमवर
निळ्या टेपचे दोन पाय चिकटवलेत.
किटली शिट्टी देईपर्यंत पोटावर पडते, उठते, पडते.
कुत्रा बरोबर स्ट्रिंगरवर येऊन बसतो.
काल नवा टपालवाला आला. दार उघडंच होतं.
हातात पाकीट, उंबऱ्याबाहेर ताठ, पाय जोडून.
मी जमिनीवरूनच विचारलं,
"विजेचं ना?"
हो म्हणाला,
आणि ते टेबलावर ठेवायचं सोडून
माझ्या टेपकडे बघत राहिला.