बरणी

वुच शहरात कापडगिरण्या बंद पडल्या,
त्यानंतर उरलेल्या शिलाई यंत्रांपैकी एक
माझ्या पायाखाली चालतं.
तिसऱ्या मजल्यावर ब्रोन्याबाई, चौथ्यावर मी.
हीटरच्या पाइपातून तिची टीप वर येते,
रात्री दोनला, कधी अडीचला,
आणि डिशवॉशरच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करता करता
मी थांबतो
'झाकण घट्ट बसल्याची खात्री करा' यापाशी.

आम्हा दोघांनाही साहेब नाही.
जिन्यात भेटलो की हे अभिमानाने सांगायचो,
आणि दोघांच्याही डोळ्यांखाली
तो नसलेला साहेब ठाण मांडून बसलेला असायचा.

एप्रिल लागला की मुलींच्या आया येतात.
मे महिन्यातले रविवार चार,
पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे सतरा.
कुणाला लेस, कुणाला मोती,
कुणाच्या थोरलीचा उसवून धाकटीला.
ब्रोन्या तोंडात टाचण्या धरून मापं घेते.
टाचण्या तोंडात असताना 'नाही' म्हणता येत नाही,
मान तेवढी हलते,
आणि मान कशीही हलली
तरी आया तिला 'हो'च समजतात.

त्या वर्षी घरात पाय ठेवायला जागा नव्हती.
ओव्हनच्या दांडीवर जाळीचं कापड, पलंगावर जाळीचं कापड,
सूपमध्ये एकदा सुई निघाली.
जेवायचं टेबल कापायचं टेबल झालं
तसा तिचा नवरा झेनेक
फ्रिजपाशी उभ्यानेच जेवू लागला, घोड्यासारखा.
आणि एका रात्री टीप थांबली.
मध्येच. अर्ध्या बाहीवर थांबावी तशी.
मी पाइपावर चमच्याने दोनदा वाजवलं.
उत्तर नाही.
सपाता घालून खाली गेलो.

दार उघडंच होतं.
सतरा झग्यांच्या मधोमध ती फरशीवर बसलेली,
हातात कात्री नाही, काहीच नाही.
'कुठून सुरू करायचं ते आठवत नाहीये,' म्हणाली.
रडत नव्हती.
रडायलाही आधी
कुठलं तरी एक टोक सापडावं लागतं.

मी चहा केला, साखर विसरलो.
झेनेक उठला. चाळीस वर्षं ट्रॅमच्या डेपोत काढलेली,
वेळापत्रकाशिवाय त्याला दुःखही कळत नाही.
त्याने फळीवरून पांढऱ्या घेवड्याची पिशवी काढली.
'एका झग्याला किती तास?'
'नऊ.'
त्याने नऊ दाणे मोजले, मग आणखी नऊ, मग आणखी.
'आठवड्याला किती तास?'
'लागतील तितके.'
'तसा आठवडा नसतो,' म्हणाला,
आणि मोहरीची रिकामी बरणी तिच्यापुढे ठेवली.
चाळीस दाण्यांत ती गळ्यापर्यंत भरली.
हातात आठवडे तीन.
टेबलावर चार झगे उरले,
जे कुठल्याच बरणीत मावेनात.

सकाळी तिने चार फोन केले.
एकीने आदळला. एक रडली, मग म्हणाली,
सासूला येतं शिवता, विचारते.
एकीने नुसतं 'बरं' म्हटलं, ते सगळ्यात लागलं.
चौथीने उचललाच नाही,
तिच्या दारापर्यंत ब्रोन्या कापड परत द्यायला गेली
आणि येताना, किती वर्षांनी कोण जाणे,
बाजारातून मुळे घेऊन आली.

आता बरणी खिडकीत असते.
कुणी आलं की ब्रोन्या आधी तोंडातल्या टाचण्या काढते,
उशीत खोचते, मग बरणीकडे पाहते.
कधी कधी लबाडी करते,
बरणी टेबलावर आपटून आणखी दोन दाणे बसवते.
झेनेक पाहूनही पाहत नाही.
शनिवारी वाचलेल्या दाण्यांचं सूप होतं.
काही शनिवारी सूप फार पातळ असतं.

मीही घेवडा आणला होता.
पहिल्याच आठवड्यात शिजवून खाल्ला.
सोमवारी सकाळी ओव्हनची पुस्तिका द्यायची आहे,
सव्वा वाजलाय, खाली सामसूम,
आणि माझ्या दिव्याचा उजेड
तिच्या खिडकीखालच्या बर्फावर पडत असणार,
कारण पाइपावर खालून
चमचा दोनदा वाजतो.

एवढंच पान, मी म्हणतो.
पुन्हा दोनदा.