टोला

हेडमास्तरनं नियम काढला तेव्हापासून
लोखंडी कपाटाची किल्ली माझ्या करदोट्याला.
प्रार्थनेआधी पोट्टे रांगेत येतात,
पायमोज्यातून काढतात, कंपासपेटीतून काढतात,
एकानं तं डब्यातून काढला, वांग्याचा रस्सा पुसत.
मी फोनच्या पाठीवर पट्टी चिकटवतो, नाव लिहितो,
खडूच्या खोक्यात उभे करून ठेवतो
अंडी ठेवावी तसे.

मंग दिवसभर कपाट बोलतं.
एकात कोंबडा आरवतो, तोही भर दुपारी,
एकात बाई सांगत राहते की पॅक संपला,
आणि लोकेश भोंडेकरचा नुसता थरथरतो
ताप भरल्यासारखा,
सोबत सगळ्या खोक्याला थरथरवतो.
गणिताचे डोंगरवार सर ओरडतात, देवाजी, बंद कर ते!
मी म्हणतो, सर, मला फक्त घंटा येते.

घंटा म्हणजे छोट्या लाईनच्या रुळाचा तुकडा,
कोणी आणला ठाऊक नाही,
चिंचेला तारेनं टांगलेला.
पूर्वी बांधावरचे गुराखी त्या टोल्यावर भाकर सोडायचे.
मग पोट्ट्यांच्या खिशात वेळ आली.
मी हातोडी उचलायच्या आत दप्तरं बंद.
फोन कपाटात गेले तसे
पोट्टे पुन्हा माझ्या हाताकडे पाहू लागले.
खोटं काऊन बोलू, बरं वाटलं.

रसिका कुमरे, नववी ब.
काच फुटलेली, फोनला रबरबँड,
घरात तेवढा एकच.
मधल्या सुट्टीत वाजला,
थांबला,
वाजला.
काचेवर 'माय', आणि मधून तडा.
मी उचलला. नियमात नव्हतं.

पलीकडे वारा, ट्रॅक्टर, आणि लागोपाठ दोन शिंका,
तेलंगणात मिरची तोडणाऱ्या बाईच्या.
"रसिके?"
"नाही जी, मी शाळेतला शिपाई, देवाजी."
ती थोडी घाबरली.
मग म्हणाली, "पोट्टी जेवली का?"
खिडकीतून पाहिलं.
नळाजवळच्या ओट्यावर, डबा मांडीवर,
कशाला तरी हसत होती, तोंडात घास.
"जेवते आहे. बोलावू?"
"नको. जेवू द्या.
फोन जरा बाहेर धरा."

गजांतून हात काढून धरला.
गेली असतील तिकडे नळावरची भांडणं,
कोणी कोणाला 'गेंड्या' म्हटलं तेही.
"घंटा तीच हाय का जी?
सातवीपर्यंत होती मी तिथं.
टोला पडला का धावत सुटायची, चप्पल हातात."

सुट्टी संपायला सात मिनिटं होती.
चिंचेखाली गेलो,
एका हातात फोन, एका हातात हातोडी,
आणि हाणला.
पोट्टे मला शिव्या देत वर्गाकडे पळाले.
रूळ थरथरून शांत होईपर्यंत
फोनमध्ये कोणी बोललं नाही.
मंग एक शिंक.
मंग कट.

हेडमास्तरनं विचारलं.
म्हटलं, घड्याळ पुढं गेलं, सेल बदलतो.

संध्याकाळी रसिकानं काच पुसून पाहिलं:
आलेला कॉल, चार मिनिटं.
माझ्याकडे पाहिलं.
मी किल्ली करदोट्यात खोचत राहिलो,
जरा जास्तच वेळ.

दुसऱ्या दिवशी रांगेत पहिली तीच.
बॅटरी भरलेली, आवाज पूर्ण वाढवलेला.
"एकला येते, काका," म्हणाली,
"कधी कधी सव्वाला."