पाण्यात पाहणे

ओफिन नदीकाठी, डंक्वा गावात माझं दुकान.
एक काटा, काचेचा पेला, नायलॉनचा दोरा,
सातची कळ रुसलेला कॅल्क्युलेटर.

सोनं आधी हवेत तोलतो,
मग दोऱ्याला बांधून पाण्यात सोडतो.
पाण्यात जेवढं वजन हरवतं
तेवढी त्याची जागा.
वजनाला त्या जागेनं भागलं
की कळतं आत सोनं किती, चांदी किती,
आणि थाप किती.
लोक म्हणतात, ओबिरी सगळ्यांना पाण्यात पाहतो.
पाहतोच. पोट आहे.

सेर्वा आली ती भर उन्हात.
मोज्यात गुंडाळलेला गोळा तिनं टेबलावर ठेवला,
टेबल जरा कुरकुरलं.
"एवढुसा, आणि हाताला केवढा," ती म्हणाली.
"डोन्कोरनं चुलीमागं पुरला होता. मला आत्ता सापडला."
डोन्कोरला ओळखायचो. चौदा हात खोल खड्डा,
कड ढासळली, बाकीचे तिघं वर आले.

हवेत साडेअडतीस.
पाण्यात छत्तीस पूर्णांक दोन.

आता धंद्यातली एक गोष्ट, कुठं बोलू नका.
ओबडधोबड गोळ्याच्या खाचेत
मिरीएवढा बुडबुडा अडकून राहतो.
वजन तेवढंच, जागा उगाच वाढते,
सोनं कागदावर पातळ होतं,
एकविसाचं विसाच्याही खाली.
मी तो फोडत नाही. मी तो करतही नाही.
तो आपला असतो.

सेर्वा वाकली, पेल्याला नाक लावून बघत राहिली.
"ते काय चिकटलंय?"
"हवा."
"तिचं वजन धरता?"
"वजन नाही. पण जागा अडवते."
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "काढा ती.
खाली पाहिजे होती तेव्हा नव्हती."

मी नखानं दोऱ्याला टिचकी मारली.
बुडबुडा सुटला, वर आला, फुटला,
आवाजसुद्धा नाही.
छत्तीस पूर्णांक तीन.
भागाकार कागदावरच केला:
साडेसतरा. डोन्कोरचा माल चोख होता.

पैसे पुढे सरकवले.
"मोजा," ती म्हणाली.
मी पहिल्यापासून नोटा मोजू लागलो,
एक, दोन, तीन,
तिनं माझ्या हातावर हात ठेवला.
"पैसे नाही हो. तो. त्याचा.
पायातला."

टेबलाच्या कडेला पडला होता,
टाचेला भोक असलेला.
काट्यावर ठेवायचं
सुचलंच नव्हतं मला.