थकबाकी

दमले म्हणावं, तर दम लागलेला नाही.
सकाळपासून केलं काय? मोजे घातले.
डावा. मग थोडी बसले. मग उजवा.
खिडकीबाहेर सँडे बेट, ताटासारखं सपाट,
झाड औषधालाही नाही,
आणि वारा असा की मेंढ्याही त्याच्याकडे पाठ करून चरतात.

झोप काढ, म्हणते नणंद.
काढली. दहा तास.
उठले ती
रात्रभर कुणीतरी मलाच वापरून
परत जागेवर ठेवल्यासारखी.

ॲबर्डीनला त्या नळीत घातलं तेव्हा
डोळ्यांपुढे अक्षरं येत होती, एकेक.
दोन अक्षरांमागचं पुन्हा आलं की बटण दाबायचं.
दाबलं. एकदाही चुकले नाही.
सतरा वर्षं पत्ते वाचलेत, अक्षरांना काय भ्यायचं?
डॉक्टर मेल्ड्रमनी पडद्यावर दोन मेंदू शेजारी लावले.
हा निरोगी बाईचा, म्हणाल्या, दोन-तीन खोल्यांत दिवा.
आणि हा तुमचा.
माझ्या घरात माळ्यापासून तळघरापर्यंत
सगळे दिवे लागलेले,
एक बटण शोधायला.
उत्तर तेच. बिल वेगळं.

मग मधोमध, खोल, एका जागेवर बोट ठेवलं.
थॅलॅमस. थोडा आक्रसलाय.
सगळं टपाल इथूनच वाटलं जातं, असं समजा.
मला हसू आलं. टपाल मला सांगता?
आमच्याकडे शेजारच्या घरची चिठ्ठी
आधी बोटीनं कर्कवॉलला जाते,
वादळ असलं तर दोन दिवस तिथेच पडून राहते,
मग त्याच बोटीनं परत येऊन
कुंपणापलीकडे पडते.
माझा हात आणि मी
आता तसेच शेजारी.

आणखी एक बोलल्या त्या, ते घरी येईस्तोवर उमगलं नाही:
मेंदूत तोलणारीही एक जागा असते.
इतके कष्ट, इतकं फळ, तर उठायचं का?
माझ्या तराजूत कष्टाचं पारडं
काही न ठेवताच खाली टेकलेलं.

मॅन्सी पवनचक्क्यांवर कामाला आहे.
विचारलं, एवढा वारा, मग ती तिसरी का थांबलीय, बिघडली?
नाही गं, वीज जास्त होते,
समुद्राखालची केबल तेवढी नेत नाही,
म्हणून बांधून ठेवतात.
मी बराच वेळ त्या पात्यांकडे बघत राहिले.
चहा घेणार? म्हणाला तो.

दिसतेस तर छान, म्हणतात दुकानात.
हो, म्हणते मी. वाद घालायलाही उभं राहावं लागतं.

ऑक्टोबरातली गोष्ट. म्हाताऱ्या ड्रीव्हरचं फाटक.
पत्र हातात, इंजिन चालू, व्हॅनचं दार उघडायचं एवढंच.
तिथून त्याच्या उंबऱ्यापर्यंत चाळीस पावलं, मला पाठ आहेत.
मी बसूनच.
रडत नव्हते, दुखतही नव्हतं काही.
पाय होते. वाट होती.
'ऊठ' एवढा शब्दच कुठेतरी बोटीवर होता.
तो आला, बुटांच्या नाड्या सुटलेल्या,
खिडकीतून हात घालून पत्र काढून घेतलं.
वीजबिल दिसतंय, म्हणाला,
हे नसतं पोचलं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला खांब,
खांबावर टपालपेटी,
बरोब्बर माझ्या खिडकीच्या उंचीला.
खिळे वाकडे.
ब्याऐंशी वर्षांचा माणूस, त्या वाऱ्यात.

त्याला दोन ओळी लिहायच्यात.
कागद काढून ठेवलाय, पेनही.
नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला.
भाडं थकतं, हप्ते थकतात,
तसे आभारही थकतात माणसाचे.
त्या पेटीत रोज
इतरांची पत्रं टाकते मी.